शालनकाकींच्या मशिनवर दोन परके हात

अन्याय झाला तो शालनकाकींवर. कधी, तेही सांगते, कारण वेळकाळ न सांगता नुसतं ओरडणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. गेल्या वर्षी खंडेनवमीला, सकाळी, घरातल्या हत्यारांची पूजा उरकून काकी हळदीकुंकवाचं ताट हातात धरून उभ्या असताना. ठिकाण, खंडाळा तालुक्यातलं त्यांचं राहतं घर. अन्याय करणारा, त्यांचा सख्खा मुलगा अभिजित. तो त्या वेळी घरात नव्हता, गावात नव्हता, जिल्ह्यातही नव्हता. पुण्यात एका काचेच्या इमारतीत बसून त्याने आईच्या डोळ्यांदेखत आईचं पावसाळाभराचं काम उचललं आणि कचऱ्यात टाकलं.

आणि काकींना त्या दिवशी मशिनला हात लावायची मुभा नव्हती.

हे सगळं नीट कळायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. मी सांगलीत राहते आणि लोकांच्या घरातले कॉम्प्युटर माझ्या घरातून चालवते. ऐकायला जादू वाटते, पण जादूबिदू काही नाही. एक प्रोग्रॅम त्यांच्या मशिनवर, तोच माझ्या मशिनवर. तो फुकट मिळतो आणि त्याचं पोट उघडं असतं, म्हणजे आत काय भरलंय ते ज्याला कळतं त्याला तपासता येतं. त्यांच्या पडद्यावर एक नंबर येतो आणि दर वेळी बदलणारा एक पासवर्ड. ते दोन्ही त्यांनी मला फोनवर वाचून दाखवायचे, मी इथे टाकायचे. मग त्यांचा अख्खा पडदा माझ्या पडद्यावर उघडतो. मी इथे माऊस हलवला की तिथे त्यांचा बाण हलतो. नेट मंद असेल तर तो बाण असा येतो, जसा खंबाटकी घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलाय.

हाच प्रकार चोरही वापरतात. बँकेतून बोलतोय म्हणायचं, नंबर काढून घ्यायचा आणि माणसाला लुबाडायचं. म्हणून अनोळखी माणसाला नंबर देऊ नका, असं आमच्या पत्रकात पहिल्या ओळीत आहे. आमच्या म्हणजे आमच्या गटाच्या. गटात आम्ही मोजकी पोरंपोरी, आणि घोषणा एकच : आपलं मशिन, आपला हुकूम. पत्रक हा प्रकार आमच्या घराला नवा नाही. आजोबा हाताने लिहून वाटायचे, बाबांनी जयंतीची आणि मोर्चाची पत्रकं छापण्यात उमेदीची वर्षं घालवली, मी कॉम्प्युटरची छापते. लोक घडी करतात आणि त्यात शेंगदाणे खातात. खाऊ देत. शेंगदाणे संपल्यावर काही जण वाचतात.

लोकांना वाटतं, या कामात मशिनशी गाठ असते. चूक. गाठ माणसांशी असते. जतकडच्या एका वस्तीवर मल्लाप्पाअण्णा म्हणून मेंढरंवाले आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी जुना कॉम्प्युटर आणला. तो बिघडला की मला फोन. पहिल्यांदा मी काम सुरू केलं, तर फोनवर कपबशीचा आवाज आला.

"अण्णा, काय करताय?"

"चा ठेवलाय म्याडम. तगोळ्री, घ्या की."

"कुठे ठेवलाय?"

"ह्याच्या म्होरं. पडद्याच्या."

"अहो, मी सांगलीत आहे!"

"असा की. काम आमच्या घरात चाललंय न्हवं? माणसाला चा बिगर कामाला लावायचं कसं?"

त्यांना सगळं कळत होतं. मी दिसत नाही, येणार नाही, पिणार नाही, हे ठाऊक होतं. पण रीत ती रीत. काम संपलं की "म्याडमचा चा निवला" असं म्हणून ते स्वतःच तो प्यायचे. आजही पितात. माझ्या नावावर त्या वस्तीत चहाची पावडर किती संपली असेल, देव जाणे, म्हणजे अण्णांचा देव.

पण मल्लाप्पाअण्णांनी मला जे शिकवलं ते एकाही पुस्तकात नव्हतं. मी त्यांच्या घरात असते. पडद्यातून का होईना, उंबरा ओलांडून आत असते. म्हणून मी नियम केला : दर पायरीला तोंडाने सांगायचं. "आता मी हे उघडते. आता हे बंद करते. चालेल ना?" समोरचा कंटाळून म्हणतो, "आवं करा की, विचारताय काय!" तरी विचारायचं.

आता शालनकाकींचं घर. काकींचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सुभेदारच म्हणतात. कॉम्प्युटर मुलाने आणून दिला, आणि मुलाने सोबत एक गोष्ट परस्पर करून ठेवली. त्या फुकट प्रोग्रॅममध्ये एक कायमचा पासवर्ड घालता येतो. तो ज्याच्याकडे असेल, त्याला कोणाला विचारायची गरज नाही. केव्हाही यायचं, केव्हाही जायचं. तो अभिजितने घातला आणि आईबापांना सांगितलंही नाही. सांगायचं काय त्यात? त्यांना काय कळतं!

हे वाक्य लक्षात ठेवा. "त्यांना काय कळतं." सगळे अन्याय याच वाक्याच्या पोटी जन्मतात, सरकारचे काय आणि घरातले काय.

माझी या घराशी ओळख साताऱ्याला झाली. बसस्थानकाबाहेर मी पत्रकं वाटत होते. सुभेदारांनी एक घेतलं, आणि शेंगदाणे न खाता तिथल्या तिथे उभ्याने वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यात स्पेलिंगा बरोबर हायेत. तू शिकलेली दिसतीस. आमच्या मिशेसला कॉम्प्युटर शिकवशील का?"

पहिल्या दिवशी मी फोन केला आणि नंबर मागितला, तर सुभेदार गरजले, "थम! कौन आता है?"

"मी वैशाली, सांगलीची."

"कशावरनं? आवाज कुणाचा बी काढता येतोय आजकाल."

मग त्यांनी चौकीवरच्या पहारेकऱ्यासारखी खुणेची जोडी ठरवली. त्यांनी म्हणायचं 'खंबाटकी', मी म्हणायचं 'हळद'. बरोबर उत्तर आलं की नंबर मिळणार, नाही तर फोन खाली. मला हसू आलं होतं, पण प्रामाणिकपणे सांगते, बँकांच्या जाहिरातींनी जे लोकांच्या डोक्यात शिरलं नाही ते या माणसाने आपल्या डोक्याने शोधलं. नंतर हीच युक्ती मी पत्रकात घातली.

काकींना कॉम्प्युटर हवा होता तो गोधडीसाठी. काकी गोधड्या शिवतात, आणि साध्या नाहीत. त्यांच्या गोधडीत चौकोन, त्रिकोण, पाकळ्या अशा बसतात की बघणारा हात फिरवत राहतो. पूर्वी त्या खडूने फरशीवर आखायच्या. कोणी पाय दिला की पुसायचं. मी त्यांना चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये चौकोन पाडायला आणि रंग भरायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, थोडं मी दाखवलं, बाकी त्या मला विचारायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "आगं, ह्यात एक चौकोन उचलून धा ठिकाणी मांडता येतोय. मी चाळीस वर्षं उगा कातर चालवली."

त्या पावसाळ्यात त्यांनी मोठं काम काढलं. आळीतल्या प्रत्येक बाईकडून एक लुगडं घ्यायचं, आणि सगळ्यांची मिळून एकच गोधडी करायची. गावच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेवर घालायला. कारण तिथली चादर पाहून काकी एकदा रागाने तशाच परत आल्या होत्या. "जल्मल्या जल्मल्या पोरानं असलं बघायचं व्हय?" असं त्या मला म्हणाल्या. मला तेव्हा कळलं की ही बाई पत्रक न छापताही आमच्याच गटात आहे.

लुगडी आली. पडद्यावर आखणी झाली. कोणत्या लुगड्याचा तुकडा कुठे बसणार, काठ कुठे, पदर कुठे, सगळं त्या चित्रात. त्याप्रमाणे काकींनी लुगडी कापली. आता परतीची वाट नव्हती. तुकड्यांची गाठोडी माजघरात, आणि ते कसे जोडायचे हे फक्त मशिनमध्ये. दसरा झाला की साताऱ्याला जाऊन छापून आणायचं ठरलं होतं. चित्रांना नावं काय दिली होती? 'नवीन', 'नवीन नवीन', 'नवीन खरं', 'नवीन खरं शेवटचं'.

हसू नका. तुमच्या मशिनवर काय नावं आहेत ते आधी बघा.

आता खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. विळा, खुरपं, कोयता, ट्रॅक्टर, मोटारीचा स्टार्टर. सुभेदारांच्या मते कॉम्प्युटरही हत्यार. मग त्यालाही झेंडूचा हार, पडद्याच्या चौकटीला हळदीकुंकू, माऊसला अक्षता. आणि एकदा पूजा झाली की हत्यार विश्रांतीवर. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत घरातल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. सुभेदारांच्या घरात हा नियम म्हणजे हुकूम.

मशिन मात्र चालू होतं. कारण अभिजितने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "मशिन चालू ठेवा, मी इथून दसऱ्याची साफसफाई करतो." लोक दसऱ्याला भिंती झाडतात, भांडी घासतात. या गृहस्थाने आईबापांचा कॉम्प्युटर पुण्यातून झाडायला घेतला.

काकी ताट घेऊन उभ्या. पूजा संपलेली. पडद्यावरचा बाण आपोआप हलला. हाराखालून निघाला, काकींच्या फोल्डरवर गेला, 'नवीन' उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं. 'नवीन नवीन' उचललं, टाकलं. काकी ओरडल्या, "आवं, त्यो माझं टाकतोय!" सुभेदार म्हणाले, "कोण?" काकी म्हणाल्या, "तुमचा अभ्या! दुसरं कोण?" त्यांनी पोराला फोन लावला. मोबाईलवर उत्तर लिहून आलं : मीटिंगमध्ये आहे आई, नंतर बोलू.

मग फोन मला आला.

आमच्या घरी दुसऱ्या दिवसाची तयारी चाललेली. आई पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती, बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "काकी, घाबरू नका. डब्यात टाकलंय म्हणजे अजून गेलेलं नाही. तुम्ही डबा उघडा आणि..."

"हात लावता येत न्हाई गं. पूजा झालीया."

"काका काय म्हणतात?"

फोन स्पीकरवर होता. सुभेदारांनी घसा साफ केला आणि एखाद्या लष्करी कोर्टासारखा निकाल दिला. "घरातल्या मानसानं हात लावायचा न्हाई. पर सांगलीचा हात चालंल. त्यो घरातला न्हाई, आन् त्यो लागत बी न्हाई. फकस्त एक सांग. तुझ्या तिकडचं मशिन पुजलंय का?"

"आमच्याकडे खंडेनवमी नसते, काका. आमचा उद्याचा दिवस, धम्मचक्राचा."

"मग बरंच झालं की! ये."

बाबांनी पेपर खाली केला. म्हणाले, "तुझ्या आजोबांना असल्या घरांत ओसरीच्या वर कशाला हात लावू देत नव्हते. आता तेच हात न लावता थेट माजघरात बोलावतायत. जा बाई. हात न लावता काम करायची आपल्या घराण्याला सवय आहे." आणि स्वतःच इतके हसले की आईने इस्त्री बाजूला ठेवली. मीही हसले. पण हे इथे लिहिल्याशिवाय पुढे जाणार नव्हते.

"खंबाटकी!" फोनमधून आरोळी आली.

"हळद!"

काकींनी पडद्यावरचा नंबर आणि पासवर्ड वाचून दाखवला. वाचायला हात लागत नाही. मी आत गेले. कचऱ्याचा डबा उघडला. चारही चित्रं तिथे होती. "काकी, दिसली," मी म्हटलं, "आता मी ती परत जागेवर ठेवते. चालेल ना?"

"चालंल काय, पळ!"

मी 'नवीन खरं शेवटचं'वर बाण नेला, आणि बाण माझ्या हातून सटकला.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगते, ते फार विचित्र वाटतं. माऊस तुमच्या मुठीत असतो, तुम्ही डावीकडे ओढता आणि पडद्यावरचा बाण उजवीकडे निघून जातो. मी परत आणला. तो परत गेला. अभिजित अजून आतच होता. आणि त्यालाही कळलं होतं की आणखी कोणीतरी आत आहे.

याच वेळी आळीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. पुढे हिरामावशी, जिचं इरकली लुगडं त्या गाठोड्यात कापून पडलं होतं. त्यांना काय दिसलं असेल? हार घातलेलं, कुंकू लावलेलं मशिन. जवळपास कोणी नाही. आणि पडद्यावर बाण गरागरा घुमतोय. ऐन नवरात्रात.

"अगं बया!" हिरामावशीचा आवाज मला सांगलीत स्पष्ट आला. "मशिनीच्या अंगात आलंया!"

"आवं न्हाई मावशी, पोरगी हाय त्यात, सांगलीची," काकी म्हणाल्या.

"पोरीच्या अंगात आलंया?"

कोणीतरी उदबत्ती पेटवली. कोणीतरी म्हणालं, काय पाहिजे ते विचारा. आणि तेवढ्यात पडद्यावर कोऱ्या पानाचा प्रोग्रॅम उघडला आणि अक्षरं उमटायला लागली. अभिजितच ती. त्याने इंग्रजीत टाइप केलं, मी मराठीत सांगते : तू कोण आहेस?

सुभेदारांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मी खाली टाइप केलं : मी काकींनी बोलावलेली. तू न बोलावता आलेला.

त्याने लिहिलं : आई, बाबा, मशिन लगेच बंद करा. चोर शिरलाय. मी पोलिसांत देतो.

"च्यायला!" सुभेदार ओरडले. "पोरी! तू चोर हायेस का?"

"काका! आत्ता हळद म्हटलं ना मी!"

"बरोबर हाय." मग पडद्याकडे वळून, मशिनला उद्देशून, "अभ्या! खंबाटकी!"

मशिन गप्प. अभिजितला आवाज जात नव्हता, आणि गेला असता तरी त्याला उत्तर कुठे माहीत होतं? पहाऱ्याची खूण त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

"जवाब न्हाई," सुभेदार म्हणाले. "म्हंजे चोर ह्योच." फौजेच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. आजवर कोणी इतका स्वच्छ निकाल दिलेला मी ऐकलेला नाही.

"माझं इरकल!" हिरामावशीला आता प्रकरण उमगलं. "शालन, म्हंजी लुगडं तू कापून बसलीस आन् नकाशा ह्यो घेऊन चाललाय? आगं, लेकीच्या लग्नातलं लुगडं हाय त्ये!"

अभिजितने आता घाईने एक गोष्ट केली. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून असेल, त्याने कचऱ्याचा डबा कायमचा रिकामा करायचं बटण दाबलं. मशिनने शहाण्यासारखं विचारलं : हे सगळं कायमचं पुसायचं का? खाली दोन खोके. येस. नो.

तो बाण येसकडे ओढायला लागला. मी नोकडे. बाण येसच्या कडेला शिवला, मी ओढला. नोवर आला, दाबणार, तोवर निसटला. खंडाळ्यातल्या त्या माजघरात, झेंडूच्या हाराखाली, एका बाईच्या कामाचा जीव दोन खोक्यांमध्ये हेलपाटत होता आणि तो ओढणारी दोन्ही माणसं त्या खोलीत नव्हती. एक पुण्यात, एक सांगलीत. मी दात-ओठ खात होते. बाबा मागे उभे राहून "डावीकडे, डावीकडे!" असं कबड्डीसारखं ओरडत होते. तिकडे बायांनी उदोउदो सुरू केला होता. कोणाचा, त्यांनाही माहीत नसावं.

आणि मग फोनवर ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"व्हा बाजूला."

"शालन, हात लावू नगंस!" सुभेदार म्हणाले. "पुजलेलं हाय!"

"व्हय. मीच पुजलंय," काकी म्हणाल्या.

"देवी कोपंल गं," हिरामावशी.

"देवीला आठ हात हायेत आन् आठी बी कामात हायेत. तिनं कवा ठेवलंत खाली? माझे दोन लावले तर काय बिघडंल?" आणि मग, मला वाटलं सुभेदारांना, पण नंतर कळलं आम्हा दोघांना, पडद्याला : "सोडा आता. दोघं बी सोडा. मशिन माझं हाय."

मी माऊसवरून हात उचलला. खरं सांगते, शाळेत बाईंनी फळ्यावरून खडू काढून घेतला की जसं वाटायचं तसं वाटलं. मी तर त्यांच्या बाजूने होते! पण आज्ञा सरळ होती. पुण्यातून मात्र बाण अजून येसकडे ओढला जात होता. काकींनी अक्षता लागलेला माऊस मुठीत धरला. जो समोर बसलेला असतो त्याच्या हाताला घाट लागत नाही, त्याचा बाण आधी पोचतो. काकींनी बाण नोवर नेला आणि दाबला. टिक. तो आवाज मी फोनवर ऐकला.

मग त्यांनी चारही चित्रं एकेक करून जागेवर ठेवली, मी एक शब्द न सांगता. शेवटी त्या कोऱ्या पानावर गेल्या आणि एका बोटाने, शोधून शोधून, एकेक अक्षर दाबत लिहिलं : अभ्या मी आई. निघ.

बाण थांबला. मग कोपऱ्यात छोटी सूचना आली की पुण्याची जोडणी तुटली आहे.

"तू बी जा गं आता," काकी मला म्हणाल्या. "उद्या फोन कर. सण हाय तुमचा बी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला तेव्हा काकी सोनं लुटून आल्या होत्या. मी आत न जाता, नुसतं बोलून, कायमचा पासवर्ड कुठे असतो ते सांगितलं. तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. मग शेजारच्या खोक्यात बरोबरची खूण केली : आता कोणीही यायचं म्हटलं की पडद्यावर विचारणा येते, आणि काकींनी होय म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. मुलालाही नाही. मलाही नाही.

अभिजित दिवाळीला आला. मला फोनवर म्हणाला, "अहो, मी त्यांच्या भल्यासाठीच करत होतो. जागा किती भरली होती माहितीये का?"

मी म्हटलं, "जागा तुमची होती का?"

त्याने विषय बदलला. मग म्हणाला, "आता मला दहा-दहा मिनिटं ताटकळत ठेवते ती. भाकरी थापतीये म्हणते."

"मलाही ठेवतात," मी म्हटलं. "परवा तर म्हणाल्या, टीव्हीवरची मालिका संपू दे." त्यावर तो हसला. माणूस वाईट नाही. सुभेदारांनी त्याला अजून खूण सांगितलेली नाही, हे मात्र त्याला लागलंय. त्यांच्या म्हणण्यानुसार त्याचा कसूर अजून माफ झालेला नाही.

गोधडी झाली. मी दवाखान्यात जाऊन पाहून आले. हिरामावशीचं इरकल मधोमध आहे, फुलासारखं. आणि एका कोपऱ्यात, जिथे मूळ चित्रात साधा चौकोन होता, तिथे काकींनी काळ्या काठाचा एक छोटा तिरका बाण शिवलाय. नर्सला वाटतं ते पाखरू आहे.

असो. पत्रकाच्या शेवटी मागणी लागते, आणि माझी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुम्ही, जे शहरात बसून हे वाचताय आणि ज्यांनी आईबापांच्या, सासूसासऱ्यांच्या, काकामावशीच्या मशिनवर न विचारता शिरायचा पासवर्ड ठेवलाय. त्यांना फोन करा. पासवर्ड होता हे कबूल करा. तो त्यांच्याच हाताने त्यांना काढायला लावा. आणि पुढच्या वेळी आत जायचं असेल तर दारात थांबून विचारा. त्या भाकरी थापत असतील तर भाकरी होईपर्यंत थांबा.

हातातला अंक मिटा. फोन उचला.